अक्काचा पहिला ‘नको’

माझी अक्का शेवटचं दीड वर्ष फक्त डोळ्यांनी बोलली. ते बोलणं नीट वाचता येणारी घरात मी एकटीच, असं सगळे म्हणत आणि मीही ते खुशाल मान्य करत असे. मी शिक्षिका. धारवाडच्या मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली. स्वभाव तापट, जीभ तिखट, आणि समोरच्याला काय म्हणायचंय ते त्याच्याआधी आपल्याला कळतं ही खात्री. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या तिन्हींचा हात आहे.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन हुबळीला गेली. सासरची माणसं मूळची कोल्हापूरकडची, बाजारात कापडाचं दुकान आणि घर केशवापुरात. भावोजी दुकानात आणि अक्का स्वयंपाकघरात, असा दोघांचा कारभार. पुढे एक मुलगा आणि सून. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो इथे नको. केलगेरीच्या तळ्याकडच्या दोन खोल्यांत मी एकटी राहत असे आणि दर रविवारी बस धरून अक्काकडे जेवायला जात असे.

अक्काकडे जेवणं म्हणजे कसोटी. आमच्याकडे पहिल्या ‘नको’ला कुणी नको मानत नाही. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं ते लाजेखातर, दुसऱ्यांदा रीत म्हणून. तिसऱ्यांदा वाढणारी पुढे झाली की गुमान घ्यायचं. हे घेणाऱ्यालाही ठाऊक आणि वाढणारीलाही. अक्का यात पटाईत. होळगी, म्हणजे आमची पुरणपोळी, हातात घेऊन ती अशी उभी राहायची की ताटावर आडव्या धरलेल्या हातावरच तूप पडायचं. “एवढी एकच की! माझी शप्पत!” दुकानातलं काही कामाने घरी आलेलं गिऱ्हाईकसुद्धा तिच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सुटत नसे. एकदाच विचारून ताट उचलणाऱ्या बायकांना ती कोरड्या मनाच्या म्हणायची, आणि मीही म्हणायची.

एके दिवशी सकाळी परसात कपडे वाळत घालताना ती पडली. दवाखान्यात नेलं. महिनाभर ती तिथेच होती. मेंदूच्या बुंध्याशी रक्त अडकलं, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. हात, पाय, मान, जीभ सगळं गेलं. डोळे तेवढे उघडे, छताकडे लागलेले. तिला काही कळत नाही असं समजून आम्ही तिच्या उशाशी बसून नको नको ते बोललो. तिच्यामागे घर कसं चालेल, हेसुद्धा बोललो. ते सगळं ती ऐकत होती. 

तिला कळतंय हे मला समजलं ते तिचे केस विंचरताना. मी भांग पाडत होते आणि तिचे डोळे वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते. मी कंगवा थांबवला. डोळे थांबले. मी पुन्हा कंगवा लावला, पुन्हा वर. “भांग चुकला काय गं?” मी सहज विचारलं. डोळे वर. मी भांग मोडून डावीकडून पाडला. तेव्हा ती माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. मी तिथेच खाली बसून रडले, आणि वॉर्डातल्या नर्सने मला बाहेर काढलं.

त्या दिवसापासून आमची खूण ठरली. वर बघितलं की हो. डोळे मिटून, मी मनात तीन आकडे मोजेपर्यंत मिटलेलेच ठेवले की नाही. नुसती पापणी लवणं धरायचं नाही, ती आपोआप लवते. घरी आणल्यावर मी दुकानाच्या कॅलेंडरच्या पाठीमागे अक्षरांच्या ओळी लिहिल्या. तिचे डोळे आडवे फिरत नसत, म्हणून तिला अक्षर दाखवता यायचं नाही. मीच म्हणायची, “पहिली ओळ? दुसरी? तिसरी?” ती वर बघायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा आम्ही सोडून दिल्या, त्या मी अंदाजाने लावायची. एका शब्दाला पाच-दहा मिनिटं.

पहिला शब्द काय येतो म्हणून सगळं घर पलंगाभोवती जमलं होतं. भावोजींचे डोळे आधीच भरलेले. कुणाला वाटलं देवाचं नाव येईल, कुणाला वाटलं मुलाचं. आलं ते ‘न’ आणि मग ‘ख’. पायाच्या अंगठ्याचं नख वाढून चादरीत अडकत होतं, महिनाभर. सुनेने धावत जाऊन कात्री आणली आणि आम्ही सगळे एकदम हसायला लागलो. भावोजी म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत एक विद्यार्थीण वाढली बघा.”

मग माझा रोजचा क्रम झाला. शाळा सुटली की हुबळीची बस, दीड तास अक्काजवळ, आणि परत. तिच्याकडून निघणारे शब्द म्हणजे जुनी अक्काच होती. ‘पडदा मळला.’ ‘याची कॉलर बघ.’ ‘रेडिओ बंद.’ शब्द अर्धा झाला की मी तो पुरा करून टाकायची. मुलांचं वाचन घेताना मी तेच करत आले होते. बरोबर निघालं की मी खूश, चुकलं की तिने डोळे मिटायचे. दहातले आठ बरोबर निघत. दोन चुकत, त्यांचं मला काही वाटत नसे.

सुरुवातीला तिला नाकातल्या नळीतून अन्न होतं. चारेक महिन्यांनी गिळणं थोडं परत आलं तशी आमच्या घरच्या डॉक्टरांनी नळी काढली. चमच्याने नाचणीची गंजी सुरू झाली, मग डाळीचं पाणी, मग आंब्याच्या दिवसांत चमचाभर रस. त्या रसाच्या वेळी तिने जे डोळे मिटले ते तिनाच्या पुढे कितीतरी आकडे मिटलेले राहिले, पण तो नकार नाही हे घरातल्या कुणालाही कळलं असतं. दिवसातून तीनदा जिभेला चव लागत होती. तिला स्वतःचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

पण ठसका लागायचा. अन्नाचा कण छातीत जाऊन दोनदा ताप भरला. दुसऱ्या तापानंतर डॉक्टरांनी स्कूटर लावली, हात धुतले आणि सांगितलं, “नळी परत घालावी लागेल असं माझं मत. तोंडाने काही नाही. पण माणूस शुद्धीवर आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. विचारा.”

विचारायचं म्हणजे मी. पलंगाच्या एका बाजूला भावोजी, पायाशी मुलगा, दारात सून. मी विचारलं, “अक्का, नळी परत घालायची म्हणतात डॉक्टर. घालू दे?”

तिने डोळे मिटले. एक, दोन, तीन. चार, पाचसुद्धा झाले.

“घाबरलीय ती,” भावोजी म्हणाले. “नीट समजावून विचारा की.”

मी समजावलं. वर्गात भागाकार समजावते तसं, पायरी पायरीने. कण छातीत जातो, छातीत गेला की ताप येतो, ताप आला की जिवाला धोका. नळी असली की काळजी नाही. “आता सांग. घालू दे?”

पुन्हा मिटले.

मुलगा तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला. भावोजींनी दोन्ही हात जोडले, देवाला की तिला की मला, कोण जाणे. मी अक्काच्या कपाळावर हात ठेवला.  “अक्का, माझ्यासाठी. तुझ्याशिवाय मला कोण आहे सांग? एवढं ऐक. माझी शप्पत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मग हळूच वर बघितलं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, “हो म्हणाल्या?” मी ठामपणे म्हटलं, “हो म्हणाली.” नळी घातली गेली. त्या दिवशी सुनेने गरम भाकरी केल्या होत्या. मी दोन नको म्हटल्या आणि तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून अक्का बोलायची थांबली.

मी कॅलेंडर घेऊन बसायची. “पहिली ओळ? दुसरी?” शेवटच्या ओळीपर्यंत जायची. डोळे मधोमध, ना वर ना मिटलेले. पुन्हा पहिल्यापासून. काही नाही. दोन आठवडे असं चाललं. मुलगा म्हणाला, “मावशी, आईला आता कळेनासं झालंय बहुतेक.” डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, म्हणाले, मेंदूत नवीन काही झालेलं दिसत नाही. मी चिडले. माझा स्वभावच तो. एका संध्याकाळी तिला म्हटलंसुद्धा, “मी एवढी बसचे धक्के खात येते ते भिंतीशी बोलायला काय?” बोलून गेले आणि मग परतीच्या बसमध्ये नवलूर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसले.

अक्काला आंघोळ घालायला, कूस बदलायला उणकलहून एक बाई येत असे. वयाने माझ्याएवढीच असेल. मराठी तिला समजायचं, पण बोलायची कानडीच. एका रविवारी मी सकाळीच गेले तर ती अक्काचं अंग पुसत होती. मी दाराशी आहे हे तिला दिसलं नव्हतं. तिने ओल्या कापसाने ओठ पुसण्यापूर्वी विचारलं, “नीर बेकेन यव्वा?” पाणी लावू का गं आई. अक्काने डोळे वर केले. बाईने ओठ भिजवले. मग विचारलं, कूस बदलू का? अक्काने डोळे मिटले. बाईने मान डोलावली, चादर सारखी केली आणि बादली उचलून निघाली.

मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. माझी अक्का माझ्याशी बोलत नव्हती आणि हिच्याशी बोलत होती. मी तिला दारातच अडवलं आणि कानडीत फैलावर घेतलं. डॉक्टरांनी दोन दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय, एकदा विचारून निघालीस काय? परत विचारायला तोंड दुखतं? समजूत घालून विचारावं, की नाही?

ती बादली हातात धरून माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली. आमच्या भागात शिक्षिकेला अक्कोरे म्हणतात, तसंच म्हणाली, “ब्याड अंदारल्ल, अक्कोरे.” नको म्हणाल्या की, बाई. आणि पुढे म्हणाली, घटकाभराने येऊन परत बघते, तेव्हा हो म्हणाल्या तर बदलते. एवढं बोलून ती मोरीकडे गेली.

मी तिथेच उभी राहिले. मग आतून भावोजींचा आवाज आला. ते पूजा आटपून देवघराकडच्या दाराने अक्काजवळ येऊन बसले होते. “खिडकी उघडू जरा?” थोडा वेळ शांतता. “अगं, मोकळा वारा येईल. उघडू?” पुन्हा शांतता. “उघडतो हं, थोडीशीच.” आणि मग खिडकीचा खटका. मी आत गेले तर भावोजी प्रसन्न चेहऱ्याने बसलेले आणि अक्काचे डोळे वर, थकून गेलेले. देवमाणूस बिचारा. बायकोला काही हवं-नको विचारण्यात कसूर करायचा नाही. तीन तीनदा विचारायचा.

आम्ही सगळेच तीन तीनदा विचारत होतो. अंगात हात-पाय आणि तोंडात जीभ असणाऱ्या माणसाने नको म्हणायचं आणि दुसऱ्याने आग्रह करायचा, हे ठीक आहे. तो खेळ दोघांचा असतो. ताट उचलून पळता येतं, हसता येतं, रागावता येतं. अक्काला नको म्हणायला डोळे मिटून ते दाबून धरावे लागत आणि तेवढ्यानेही ती दमत असे. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तिच्यात नको म्हणायचं बळच उरत नव्हतं. वर बघणं सोपं होतं, निदान प्रश्न तरी थांबायचा.

भावोजी दुकानात गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर बसले. कॅलेंडर घेतलं नाही. “अक्का, माझ्यावर रागावलीस?”

डोळे वर. ताबडतोब.

“नळीवरनं?”

वर.

मग मी कॅलेंडर घेतलं आणि म्हटलं, सांग काय सांगायचंय ते, मी मधे बोलणार नाही. पहिल्यांदाच मी एकही शब्द तिच्याआधी पुरा केला नाही. अर्धा तास लागला. तिने सांगितलं, ‘एकदाच विचार.’

ते वाचलं आणि मला आमचं धारवाडचं घर आठवलं. अक्का मॅट्रिक झाली होती, तिला कॉलेजात जायचं होतं. हुबळीचं स्थळ आलं. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “पसंत आहे नव्हे?” अक्का नको म्हणाली. अप्पा हसले. पोरी पहिल्यांदा नकोच म्हणतात. दोन दिवसांनी आईसमोर विचारलं, तेव्हाही ती नको म्हणाली. मग चार आत्या-मावश्या बोलावून, त्यांच्यादेखत विचारलं, आणि अक्का खाली बघत म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” अप्पांनी साखर वाटली. सगळ्यांत आधी मीच हात पुढे केला होता. पुढे संसार चांगला झाला, भावोजी चांगले निघाले, म्हणून तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. अक्कानेही कधी काढला नाही.

मी विचारलं, “मी अप्पांसारखंच केलं, होय ना?”

तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिला पुसता येत नव्हतं म्हणून मी पुसलं. माझं तसंच राहू दिलं.

मग मी एकदा विचारलं, “नळी काढायची?” डोळे वर गेले ते खाली यायलाच तयार नव्हते.

घरात रण माजलं. भावोजी म्हणाले, “तिनेच तर हो म्हटलं होतं! तुम्हीच सांगितलंत सगळ्यांसमोर.” माझेच शब्द माझ्या घशात. मी म्हटलं, मी तिच्याकडून हो काढून घेतलं होतं. मुलगा म्हणाला, “काढून घेतलं म्हणजे काय? समजावलंस की तू. आपण काय वैरी आहोत काय तिचे?” खरंच आम्ही वैरी नव्हतो. हे त्याला समजावून सांगणं मला जमलं नाही. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः तिला एकदा विचारलं, उत्तर बघितलं, आणि म्हणाले, धोका आहे हे मी तुम्हाला सांगितलंय, त्यांनाही सांगितलंय. आता जेवण त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच. नळी निघाली. भावोजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे पाच महिने अक्का पुन्हा बोलली. गंजीत ‘मीठ कमी.’ सुनेला तिने शेंगाचटणी तीन संध्याकाळी लावून अक्षराअक्षराने सांगितली, लसूण किती आणि कुटायची कशी ते. मी घरात सगळ्यांना बजावलं होतं, प्रश्न एकदाच. सुनेला जमलं, मुलाला अर्धवट जमलं. भावोजींना मात्र कधीच जमलं नाही. विचारून झालं की त्यांचं तोंड पुन्हा उघडायचं, मग माझ्याकडे बघून मिटायचं. एकदा मला म्हणाले, “एकदाच विचारायचं म्हणजे परक्यासारखं वाटतं हो.” मला त्यांचा राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आणि मग थंडीच्या दिवसांत, एका रविवारी दुपारी, तिला ताप चढला. सकाळी नुसती कणकण होती. दुपारी श्वास घरघरायला लागला. डॉक्टर आले. छाती ऐकली. आम्हाला बाहेर न नेता तिच्यासमोरच बोलले, ते त्यांचं मोठेपण. म्हणाले, दवाखान्यात न्यायचं असेल तर आत्ता. तिथे श्वासाच्या नळीत नळी घालतील, मशीनवर ठेवतील. त्यातून परत येतील, न येतील, मी सांगू शकत नाही. घरी ठेवलं तर मी औषध देईन, त्रास कमी होईल तेवढं बघेन. विचारा.

मी पलंगाशी बसले. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डोळे लाल, पण माझ्याकडे लागलेले. मी म्हटलं, “अक्का, डॉक्टर बोलले ते ऐकलंस?” वर. “दवाखान्यात जायचं?”

तिने डोळे मिटले.

मी मोजले. एक. दोन. तीन. ते उघडले नाहीत. पुढेही बराच वेळ उघडले नाहीत.

“परत विचारा,” भावोजी म्हणाले.

“नको म्हणालीय ती.”

“मावशी, तापात आहे ती!” मुलगा ओरडला. “झापड आली असेल. परत विचार की!”

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. नकारासाठी डोळे मिटणं आणि तापाच्या ग्लानीत डोळे मिटणं, बाहेरून सारखंच दिसतं. वर बघणं हो आणि मिटणं नाही, ही खूण मीच ठरवली होती. ती ठरवताना असा दिवस येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरी कुठली खूण ठरवता आली असती याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

भावोजी तिच्या कानाशी वाकले. “अगं...” एवढंच म्हणाले, आणि मी त्यांचा हात धरला. जन्मात मी त्यांच्या हाताला हात लावला नव्हता. आमच्यात तशी रीत नाही. मनगट घट्ट धरून मी म्हटलं, “भावोजी, तिने मला सांगितलंय, एकदाच.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं.

मंगळवारी दुपारी, गंजीच्या वेळेला, अक्का गेली. मधल्या दोन दिवसांत तिने डोळे उघडले होते, दोन-तीनदा. उणकलच्या बाईने ओठांना पाणी विचारलं, तेव्हा वरही बघितलं होतं. तेव्हा मी दवाखान्याचं विचारू शकले असते. मी विचारलं नाही. तिला दिलेला शब्द पाळण्यासाठी विचारलं नाही, असं मी म्हणते. आणि कधी कधी वाटतं, वेगळं उत्तर येईल या भीतीने विचारलं नाही. यातलं खरं कुठलं ते मला इतक्या वर्षांनीही ठरवता आलेलं नाही.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नव्हता. खाली बघत म्हणाला, “मावशी, एकच सांग. परत विचारलं असतंस तर आई हो म्हणाली असती का?”

मला खोटं बोलता आलं असतं. तो अजून तरुण होता, त्याला निदान झोप लागली असती. पण मी त्याला खरं सांगितलं.

“दुसऱ्यांदा माहीत नाही. तिसऱ्यांदा नक्की म्हणाली असती.”

“मग का नाही विचारलंस?”

“म्हणूनच,” मी म्हटलं.